हिरव्या जाळीखालचं विमान

"हे कोणी केलं?" कॅप्टन उपासनींनी विचारलं.

सकाळचे साडेसात वाजले होते. माळावर आम्ही पाच माणसं उभी होतो आणि आमच्या पुढ्यात दाजींचं विमान उभं होतं. म्हणजे, आत विमान असावं असा अंदाज करता येत होता. दिसत होती ती फक्त हिरवी जाळी. शेपटीपासून नाकापर्यंत, या पंखाच्या टोकापासून त्या पंखाच्या टोकापर्यंत, चांगली पन्नास फूट, दुपदरी, आणि हात-हात अंतरावर सुतळीच्या गाठी मारून आवळलेली. नव्या नवरीलाही कोणी इतकं नीट झाकून आणत नाही.

दाजी जाळीकडे बघत होते. माझी थोरली बहीण आक्का, म्हणजे दाजींची बायको, दाजींकडे बघत होती. हौसाबाई, म्हणजे माझ्या बेदाण्याच्या शेडवरची मुकादमीण, स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. मी आभाळाकडे बघत होतो. आभाळ त्या दिवशी फार छान होतं.

जाळी मी टाकली होती.

याला बारा-तेरा वर्षं होऊन गेली, त्यामुळे आता सांगायला हरकत नाही. शिवाय माझ्या बाजूनंही थोडं बोलायला पाहिजे. तासगावच्या पूर्वेला आम्हा मगदूमांच्या माळावर माझं बेदाण्याचं शेड. द्राक्षं वाळवून बेदाणा करणं हा आमचा धंदा, आणि या धंद्यात सगळ्यात मोठा शत्रू कोण, तर ऊन. सावलीत, वाऱ्यावर वाळला तर बेदाणा हिरवा राहतो. उन्हाचा एक कवडसा दोन दिवस एका जागी पडला, तर तेवढा माल काळा पडतो आणि व्यापारी तो चिमटीत धरून आपल्याकडे असा बघतो, की आपण त्याला उंदराच्या लेंड्या विकायला आणल्यात. बावीस वर्षं मी हेच केलं होतं. जे मोलाचं, ते उन्हापासून झाकायचं.

आदल्या दिवशी सकाळी दाजींनी विमान माझ्या शेडशेजारी आणून ठेवलं, "श्रीपाल, जिवापाड सांभाळ," म्हणाले आणि कॅप्टनना आणायला मिरजेला गेले. ऊन लागू दे, असं सांगितलं नाही. त्यांना वाटलं असणार, उन्हावर चालणाऱ्या विमानाला ऊन लागतं हे काय सांगायचं? मला ते ऐकून माहीत होतंही. पण दहा वाजता मी सहज पंखावर हात ठेवला आणि हात भाजला. पंखभर काळ्या चकचकीत पट्ट्या बसवलेल्या, तव्यासारख्या तापलेल्या. मार्चचं ऊन. माझ्या मनात एकच विचार आला: दाजींची सात वर्षांची मेहनत आता तडकणार. मी धावत शेडवरून जाळी आणली. हौसाबाई आणि तिच्या सहा बायकांनी गाठी मारल्या. संध्याकाळी मी दोनदा येऊन बघून गेलो. जाळीखाली पंख कसे गार लागत होते! रात्री मला फार शांत झोप लागली.

कॅप्टननी जाळीची एक बाजू उचलून आत डोकं घातलं आणि मीटर वाचला.

"सव्वीस टक्के."

"ट्रकमधनं आणताना सव्वीसच होती," दाजी म्हणाले. प्रवासात बॅटरी भरलेली ठेवायची नसते म्हणून त्यांनी मुद्दाम ती उतरवून आणली होती.

"म्हणजे काल दिवसभराचं ऊन वाया. कोणी झाकलं, चौगुले?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं.

"मीच सांगितलेलं," दाजी म्हणाले. "धुळीसाठी."

"तुम्ही? सात वर्षं खपून सौर विमान बांधलंत, आणि ते झाकायला सांगितलंत?"

"डोकं ठिकाणावर नव्हतं."

मी चक्रावलो. बाबगोंडा चौगुले हा माणूस खोटं बोलत नसे. सांगलीत त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटरी जळल्या की त्यांच्याकडे येत, आणि ते मालकाच्या तोंडावर सांगत, "मोटरची चूक न्हाई, तुझी हाय. पाणी नसताना चालवलीस." पस्तीस वर्षं हे केलं. जेवणाच्या ताटावरून, लग्नाच्या पंगतीतून, एकदा तर स्वतःच्या मुलीच्या बारशातून लोकांनी त्यांना उठवून नेलं, कारण कुठं तरी मोटर बंद पडली होती. मग पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं, की मोटरीनं आयुष्यभर पाणी वर चढवलं, आता एकदा माणूस चढवून बघू. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सात वर्षं हे दोन माणसांचं विमान तयार झालं. आक्का कधी त्यावर बोलली नाही. नातेवाईक विचारायचे, "काय करतात गं मालक?" तर म्हणायची, "मागं असतात."

आणि आता सगळं त्या एका दिवसावर आलं होतं. चाचणीच्या परवानगीचा कागद त्याच दिवसापुरता होता. कागदावर अट होती, की बॅटरी पंखांवरच्या उन्हानंच भरलेली पाहिजे. उडवणारा माणूस एकच मिळाला होता, तो म्हणजे पुण्याचे कॅप्टन उपासनी. ते दुसऱ्या दिवशी रात्री ऑस्ट्रेलियाला मुलीकडे निघाले होते, ते कायमचे. त्या दिवशी विमान उडलं नाही, तर दाजींनी ते तालुक्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजला द्यायचं कबूल केलं होतं. कॉलेजनं फाटकापाशी सिमेंटचा खांब घालूनही ठेवला होता. अशा खांबांवर चढवलेली विमानं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्यावर कावळे बसतात आणि खाली लोक चहाच्या टपरीचा पत्ता सांगताना त्यांचा उपयोग करतात.

"बॅटरी ऐंशी टक्के झाल्याशिवाय मी चाक हलवणार नाही," कॅप्टन म्हणाले. ते सडपातळ, अडुसष्ट वर्षांचे आणि बोलण्यात अगदी इस्त्री केलेले होते. "आणि तीन वाजता मी निघणार. माफ करा चौगुले, पण नव्या विमानात मी आशेवर बसत नाही."

"बरोबर हाय," दाजी म्हणाले.

जाळी निघाली. मी स्वतः गाठी सोडल्या, एकशेचाळीस. काल त्या मारताना मला अभिमान वाटला होता.

मग आम्ही कामाला लागलो. माळावरची धूळ पंखांवर बसली होती. दाजी म्हणाले, मऊ कापड पाहिजे. हौसाबाईच्या बायकांनी जुन्या धोतरांची फडकी आणली आणि पंख पुसायला घेतले. दर अर्ध्या तासानं सूर्य सरकला की आम्ही आठ जण मिळून विमानाची शेपटी धरून ते थोडं फिरवायचो.

"मालक," हौसाबाई भर कॅप्टनसमोर म्हणाली, "काल झाकाय लावलं, आज पुसाय लावताय. उद्या काय, पाखडाय लावणार काय?"

मला एकदम खोकला आला. कॅप्टन पलीकडे बघत होते. त्यांना ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं. मला तेव्हा बरंच काही वाटत होतं.

दहा वाजता मी दाजींना बाजूला घेतलं. "दाजी, शेडवर जनरेटर आहे. तासाभरात..."

"नको."

"कुणाला कळणार आहे?"

"पाव्हणं," दाजी म्हणाले. ते मला पाव्हणं म्हणाले की समजायचं, विषय संपला. "डिझेल जाळूनच वर जायचं असतं, तर मी सात वर्षं मागच्या शेडात काय करत हुतो?"

बारा वाजता मीटर एक्कावन्नवर होता. दाजींनी नखानं गाडीच्या बोनेटवर काही तरी आकडेमोड केली आणि म्हणाले, "तीनला पासष्ट. लई झालं तर सदुसष्ट." ऐंशी म्हणजे संध्याकाळ, आणि तोवर कॅप्टन कराडच्या पुढं गेलेले असणार.

आक्कानं शेडच्या सावलीत पानं मांडली. ज्वारीची भाकरी, वांगं, दही. दाजींनी त्या दिवशी नवा पांढरा शर्ट घातला होता. दाढी तुळतुळीत. ते विमानाकडे पाठ करून बसले होते. आक्कानं एकदा विचारलं, "कॉलेजचा खांब किती उंच आहे हो?" आणि दाजी म्हणाले, "बारा फूट." तेवढंच.

आणि मग हौसाबाई ओरडली, "पडदं सोडा गं! आली भवानी!"

बायका पळाल्या. शेडच्या पश्चिमेकडचे कापडी पडदे धडाधड खाली आले. कॅप्टन भाकरीचा घास हातात धरून बघत राहिले. लांब खडीच्या खाणीतून धुळीचा एक खांब उठला, गरगरत वर गेला, त्यात एक प्लॅस्टिकची पिशवी चढत चढत ठिपक्याएवढी झाली. त्याच्याही वर दोन घारी पंख न हलवता गोल फिरत होत्या.

"हे काय?"

"वावटळ," मी म्हणालो. "माल धुळीनं भरतो ना, म्हणून पडदे सोडायचे."

"ओरड आधी झाली. वावटळ नंतर आली. यांना कसं कळलं?"

"मार्चमध्ये ती रोज येते. सव्वाबाराला खाणीतून, तिथं सगळा काळा खडक आहे. मग पाऊणच्या सुमाराला थोरातांच्या नांगरटीतून. दीडला ओढ्याच्या पलीकडच्या कातळावरून. मग तीनपर्यंत तिन्ही ठिकाणी आलटून पालटून."

"तुम्हाला हे इतकं नेमकं कसं माहीत?"

"बावीस वर्षं शिव्या देतोय तिला. वेळ चुकवून कसं चालेल?"

कॅप्टननी घास ताटात ठेवला. त्या माणसाच्या चेहऱ्यावरची इस्त्री पहिल्यांदाच मोडली. "चौगुले," ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं ग्लायडर उडवलेत. ग्लायडरला मोटर नसते. जिथून तापलेली हवा वर उठते ती जागा सापडली, की त्या हवेवर बसून वर जायचं, घारीसारखं. अनोळखी माळावर ती जागा शोधण्यातच सगळी बॅटरी जाते, म्हणून मी ऐंशी मागत होतो. पण जागा आधीच ठाऊक असेल, तर मोटर फक्त पहिल्या पाच मिनिटांपुरती लागेल. एक्कावन्न पुरे."

दाजी उठून उभे राहिले. हात धुवायचंही विसरले.

"पण," कॅप्टन म्हणाले, "दोन गोष्टी आहेत. पहिल्या फेरीला वजन कमी हवं. आणि बरोबर जागा दाखवणारा माणूस हवा. वरून खाण कुठली, थोरातांची नांगरट कुठली, मला कळणार नाही."

दाजींचं वजन शहाण्णव किलो होतं. माझं चोपन्न. आणि जागा मला ठाऊक होत्या.

कोणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला ते सगळ्यात वाईट वाटलं. दुसरी खुर्ची दाजींची होती. पट्टा त्यांनी स्वतःच्या पोटाच्या मापानं शिवून घेतला होता. आणि जाळी टाकून सगळा घोळ करणारा मी, त्या खुर्चीत बसायचो?

"मी नाही," मी म्हणालो. "मला शिडीवरसुद्धा चक्कर येते."

दाजी माझ्याजवळ आले. पट्टा किती आवळावा लागेल, याचा माझ्या पोटावर वीत टेकवून त्यांनी अंदाज घेतला. "पाव्हणं," ते म्हणाले, "बसा."

साडेबाराला आम्ही निघालो. माळावरून रोड रोलर फिरवून केलेली पट्टी संपत आली, तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

"मगदूमसाहेब," पुढून कॅप्टनचा आवाज आला, "तुम्हाला वाट दाखवायला आणलंय. डोळे उघडे असले तर बरं."

उघडले, तर खाली माझं शेड काडेपेटीएवढं. कॅप्टन मीटर वाचत होते, "सत्तेचाळीस... चव्वेचाळीस... बेचाळीस. आता खाण?"

"उजवीकडे! नाही, डावीकडे! त्या घारी आहेत ना, त्यांच्याखाली!"

त्यांनी विमान घारींखाली नेलं आणि मोटर बंद केली. मला आधी सांगायला हवं होतं. मोटर बंद झाल्याबरोबर मी जो ओरडलो, तो म्हणे खाली शेडमध्ये ऐकू गेला. मी बराच वेळ ओरडत होतो. दम घ्यायला थांबलो, तेव्हा कळलं की आम्ही पडत नव्हतो. वर जात होतो. बुडाखालून कोणी तरी खुर्ची उचलत असावं तसं.

"आली भवानी," कॅप्टन म्हणाले.

खाणीवरून थोरातांच्या नांगरटीवर, तिथून ओढ्यापलीकडे. मी बोट दाखवायचं आणि त्यांनी तिकडे जायचं. बावीस वर्षं जिच्या नावानं मी बोटं मोडली, ती बाई आम्हाला कडेवर घेऊन हिंडवत होती. आणि वर ऊनच ऊन, पंखांवर सावली पाडायला कोणी नाही. चाळीस मिनिटांनी कॅप्टन म्हणाले, "मीटर बघा." मी वाकून बघितलं. बेचाळीसचे सत्तेचाळीस झाले होते.

उतरलो. बायकांनी हातातली फडकी हलवून आरडाओरडा केला. आक्का पदरानं तोंड झाकून हसत होती की रडत होती, तिलाच माहीत. दाजी चाकापाशी वाकून टायर तपासत होते. मी तिथंच त्यांच्याशेजारी मातीत बसलो.

"विमान उडलं, दाजी. खांब गेला," मी म्हणालो.

"व्हय."

"दाजी, ती जाळी मी टाकली होती."

दाजींनी टायरवरून मान वर केली नाही. "तुझ्या शेडची जाळी. तुझ्या हद्दीत. तुझ्या बायकांनी बांधलेली. आम्हाला काय वाटलं असंल श्रीपाल, हेलिकॉप्टरनं येऊन कोण टाकून गेलं?"

"आक्काला पण माहीत आहे?"

"मला गाडीतूनच दिसलं होतं," आक्का मागून म्हणाली. "लांबूनच म्हणाले मी, श्रीपानं बाळंतिणीगत गुंडाळलंय बघा."

"आणि कॅप्टनना?"

कॅप्टन शेपटीपाशी उभे राहून वहीत उड्डाणाची वेळ लिहीत होते. "साडेसातला मी प्रश्न विचारला, तेव्हा चौघांतले तिघं इकडंतिकडं बघत होते," ते न थांबता म्हणाले. "चौथा आभाळाकडे."

"मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत, दाजी?"

आता मात्र दाजी उठले. "तू कबूल केलं असतंस, तर दिवसभर माफी मागत माझ्या मागं मागं फिरला असतास. मला आठ माणसं शेपटी फिरवाय पाहिजे हुती. रडणारा माणूस काय कामाचा?" मग म्हणाले, "आणि झाकलंस ते जिवापाड म्हणूनच की. मीच तसं सांगितलेलं. माझं सांगणं अर्धं हुतं."

मी त्यांच्या बुटावरची धूळ झटकली. मेहुण्यानं दाजींच्या बुटाला हात लावावा, अशी आमच्याकडे रीत नाही, पण तेव्हा रीत बघायला कोणाला सवड नव्हती.

कॅप्टननी घड्याळ बघितलं. पावणेदोन. मग मीटर बघितला, मग ओढ्यापलीकडं बघितलं, तिथं कातळावरून धूळ उठायला लागली होती. "आता जागा मला माहीत झाल्यात," ते म्हणाले. "चौगुले, खिसे रिकामे करा."

दाजींनी खिशातून वस्तू काढायला सुरुवात केली. पान्हा, टेस्टर, दुसरा पान्हा, तांब्याच्या तारेचं वेटोळं, पक्कड, मोबाइल. आक्का पदर पसरून उभी होती. पदर जड झाला तशी ती म्हणाली, "लग्नात पण हे सगळं खिशात होतं काय हो?"

"पक्कड हुती," दाजी म्हणाले आणि आत चढले. विमान त्यांच्याबरोबर बाजूला कलंडलं आणि सावरलं. पट्टा मी लावला.

पट्टी संपता संपता चाकं सुटली, माझ्या वेळेपेक्षा बरीच उशिरा. आक्कानं माझं मनगट धरलं होतं, ते ओढ्याच्या अलीकडं विमान वळेपर्यंत सोडलं नाही. मग त्याचा भुणभुणता आवाज थांबला. आक्कानं माझं मनगट पुन्हा पकडलं. हौसाबाई म्हणाली, "भिऊ नका ताई, भवानी येळेची पक्की हाय." आणि विमान त्या कातळावर गोल फिरत वर वर गेलं, घारींच्याही वर. आक्काच्या पदरातला मोबाइल वाजला. कुणाची तरी मोटर जळली होती. आक्कानं फोन कानाला लावला, म्हणाली, "वर गेलेत," आणि बंद केला. पलीकडच्या माणसानं याचा काय अर्थ घेतला, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी लोक भेटायला यायला लागले तेव्हा कळलं.

तासाभरानं ते उतरले. कॅप्टननी सगळ्यांचे हात हातात घेतले, हौसाबाईचाही, आणि गाडीकडे पळाले. तीन वाजायला चार मिनिटं होती. पुढं ते विमान पाच वर्षं उडलं. नंतर एका कंपनीनं मोटरीचा नमुना मागून घेतला, ती वेगळी गोष्ट.

दाजी मात्र उतरेनात. काचेचं झाकण उघडं, पट्टा तसाच बांधलेला, दोन्ही हात मांडीवर. आक्का तांब्याभर पाणी घेऊन गेली. मी तिच्यामागं.

"उतरा की," आक्का म्हणाली. "चक्कर आली काय?"

दाजींनी नाही म्हणून मान हलवली.

"मग? कसं वाटलं ते तरी सांगा."

दाजींनी तांब्या घेतला, पण पाणी प्यायले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तरी होतं, जे मी तिसेक वर्षांत बघितलं नव्हतं. एवढ्या मोठ्या अंगाचा माणूस एकदम हलका दिसत होता.

"वर गेल्यावर त्यांनी मोटर बंद केली," दाजी म्हणाले.

"मग?"

"मग काय न्हाई." त्यांनी तांब्या आक्काच्या हातात परत दिला. "पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मोटर बंद पडली, आणि मला कुणी बोलवाय आलं न्हाई."